खुन्नस मैदानातली, प्रश्न तुमचे

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की क्रिकेटमधल्या गाजलेल्या भांडणांबद्दल, वादांबद्दल जे काही विचारायचं असेल ते पाठवा. नौपाड्यापासून खारघरपर्यंत इतक्या जणांनी पाठवलं की सगळं छापायचं तर आख्खा अंक यातच जाईल. जे प्रश्न फिरून फिरून आले ते घेतलेत, नावं न छापता. उत्तरं थोडी लांबली आहेत, पण विषयच असा आहे की एक गोष्ट सांगायला घेतली की दुसरी आठवतेच.

प्रश्न : आम्ही टर्फवर आणि सोसायटीत अंडरआर्मच खेळतो, आपल्याकडे अंडरआर्मच्या मोठमोठ्या टूर्नामेंट होतात. मग १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाने एक बॉल अंडरआर्म टाकला तर एवढं काय बिघडलं? नियमात बसत होतं ना?
(कॉलेज विद्यार्थी, घोडबंदर रोड)

बसत होतं. आणि नियमात बसत होतं म्हणूनच लोकांना जास्त लागलं. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, बेस्ट ऑफ फाइव्ह फायनल्समधली तिसरी मॅच, तोवर दोघांनी एकेक जिंकलेली. शेवटच्या ओव्हरमध्ये न्यूझीलंडला १५ हवे होते, हॅडलीने फोर मारला आणि लगेच पुढच्या बॉलला एलबी गेला, इयन स्मिथने दोनदा दोन-दोन काढले आणि बोल्ड झाला, आणि शेवटच्या बॉलला ब्रायन मॅकेक्नी आला तेव्हा हवे होते ६, तेही जिंकायला नाही, मॅच टाय करायला. नवीन आलेला बॅट्समन, मेलबर्नचं अवाढव्य ग्राउंड, पहिल्याच बॉलला सिक्स, किती चान्स होता सांगा. तरी कॅप्टन ग्रेग चॅपेलने आपल्याच धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, सांगितलं की बॉल सरपटत टाक. अंपायरने बॅट्समनला रीतसर कळवलं, ट्रेव्हरने बॉल जमिनीवरून सोडला, मॅकेक्नीने तो नुसता अडवला आणि वैतागून बॅट भिरकावली. मागे विकेटकीपर रॉड मार्श आधीच मान हलवून नको नको म्हणत होता.

आता तुमच्या अंडरआर्मचं. तुमच्या टूर्नामेंटमध्ये दोन्ही टीमना माहीत असतं की अंडरआर्म आहे, बॉल टप्पा पडून येतो, फिरतो, बॅट्समनला मारायचा चान्स असतो, आणि कोणी सरपटी टाकली तर आपल्याकडे दहा वर्षांचं पोरगं पण नो बॉल म्हणून ओरडतं. चॅपेलने नेमका तो चान्सच काढून घेतला. न्यूझीलंडचे पंतप्रधान मुल्डून भयंकर चिडले, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीही आपल्या टीमची बाजू घेतली नाही, आणि असा बॉल पुढे नियमानेच बंद झाला. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती म्हणजे त्याच मॅचमध्ये ग्रेग चॅपेल स्वतः पन्नाशीत असताना मार्टिन स्नेडनने त्याचा जमिनीलगत सुंदर कॅच घेतला होता, अंपायर म्हणाले आम्ही बघितलाच नाही, आणि चॅपेल ९० करून गेला. म्हणजे न्यूझीलंडवाले शेवटच्या बॉलच्या आधीपासून पेटलेले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात अंपायर येणार आहे.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर जोरात वाद झाला. काका म्हणतात गावस्करने १९८१ ला मेलबर्नला टीमला बाहेर काढलं ते बरोबर होतं, देशाचा अपमान सहन करायचा नसतो. बाबा म्हणतात मॅच गेली असती तर? खरं काय झालं होतं?
(वाचक, नौपाडा, ठाणे)

दोघांनाही नीट वाचून दाखवा. त्याच ग्राउंडवर, त्या सरपटी बॉलनंतर जेमतेम दहा दिवसांनी ही गोष्ट झाली. तिसरी टेस्ट, १० फेब्रुवारी. सिरीजमध्ये आपण ०-१ मागे, दुसऱ्या डावात गावस्कर आणि चेतन चौहान यांनी १६५ ची ओपनिंग केलेली. गावस्करसाठी तो दौरा अगदीच खराब गेला होता, या डावात कुठे जरा सूर लागत होता, ७० वर खेळत होता, आणि लिलीच्या बॉलवर अंपायर रेक्स व्हाइटहेडने त्याला एलबी दिलं. गावस्करचं म्हणणं बॉल बॅटला लागून पॅडवर आला. तो तिथेच थांबला, बॅट पॅडवर आपटून दाखवली, लिली पुढे येऊन पॅडकडे बोट दाखवायला लागला. इथवर असंख्य मॅचमध्ये होतं. गावस्कर निघालाही होता. पण जाताना ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून त्याला अपशब्द आले, आणि त्याने पुढे अनेकदा सांगितलंय की निर्णयामुळे नाही, त्या शब्दांमुळे त्याचं डोकं फिरलं. तो मागे वळला आणि चौहानला म्हणाला चल.

चौहान बिचारा ८५ च्या आसपास, सेंच्युरी समोर दिसतेय, आणि कॅप्टन म्हणतोय चल. तो गेला, पण रेंगाळत. बाउंड्रीवर मॅनेजर विंग कमांडर शाहिद दुर्रानी आणि असिस्टंट मॅनेजर असलेले आपले बापू नाडकर्णी उभे होते, त्यांनी चौहानला दोरीच्या आत ठेवलं, गावस्कर एकटा वर गेला, वेंगसरकर खेळायला आला. हा क्षण महत्त्वाचा आहे. चौहानने दोरी ओलांडली असती आणि टीम परत आलीच नसती तर मॅच ऑस्ट्रेलियाच्या नावावर लागली असती, सिरीज गेली असती आणि पुढच्या दिवशी जे झालं ते झालंच नसतं.

पुढच्या दिवशी काय झालं तर, ऑस्ट्रेलियाला फक्त १४३ हवे होते आणि ते ८३ ला ऑलआउट झाले. कपिलची मांडी दुखावलेली, चौथ्या दिवशी संध्याकाळी तो बॉलिंगला आलाच नव्हता, करसन घावरीने ग्रेग चॅपेलला पहिल्याच बॉलला पायामागून बोल्ड काढला होता, दिलीप दोशी पायाचं हाड मोडलेलं असताना टाकत होता. पाचव्या दिवशी सकाळी कपिल तसाच उतरला आणि २८ रन्समध्ये ५ काढले. ५९ रन्सने जिंकलो, सिरीज १-१, आणि ऑस्ट्रेलियात सिरीज न हरता परत यायची ती आपली पहिलीच वेळ.

त्यामुळे माझं मत तुमच्या बाबांच्या बाजूने आहे, आणि हे मी सुनीलच्या खेळावर जीव टाकणारा माणूस म्हणून लिहितोय. राग शंभर टक्के खरा होता, निर्णय वाईट होता हेही मला पटतं, पण चौहानला ओढून नेणं चूक होतं आणि गावस्करने स्वतः नंतर ते मान्य केलंय. काकांना एवढंच सांगा की त्या दिवशी देशाची बाजू सांभाळली ती बाउंड्रीवर उभ्या असलेल्या त्या दोघांनी.

प्रश्न : त्या काळात अंपायर मुद्दाम आपल्या देशाच्या बाजूने द्यायचे का? न्यूट्रल अंपायर कधी आले?
(निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे)

सर, मुद्दाम द्यायचे की नाही हे त्यांच्या मनात शिरून कोण सांगणार, पण पाहुण्या टीमला तसं वाटायचं, प्रत्येक देशात वाटायचं, आणि ते वाटणंच भांडणाला पुरेसं होतं. फैसलाबादला डिसेंबर १९८७ मध्ये इंग्लंडचा कॅप्टन माइक गॅटिंग आणि अंपायर शकूर राणा एकमेकांच्या तोंडासमोर बोटं नाचवत भांडले, तो फोटो तुम्ही बघितला असेल. अंपायर म्हणाले लेखी माफी मिळाल्याशिवाय उभा राहणार नाही, टेस्टचा आख्खा तिसरा दिवस खेळ झाला नाही, शेवटी गॅटिंगने कागदाच्या चिठोऱ्यावर माफी लिहून दिली तेव्हा मॅच पुढे सरकली.

आणि आता ठाणेकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. या भांडणाच्या एक वर्ष आधी, १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये, इम्रान खानने हट्ट धरला की वेस्ट इंडीजविरुद्ध घरच्या टेस्टला अंपायर तिसऱ्या देशाचे हवेत. तिसरा देश कुठला तर भारत. लाहोरला जे दोघं उभे राहिले ते व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. पिलू रिपोर्टर आपल्या ठाण्यात राहायचे, सप्टेंबर २०२३ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी गेले. १४ टेस्ट आणि २२ वनडे त्यांनी केल्या. विचार करा, पाकिस्तानच्या कॅप्टनने पाकिस्तानातल्या टेस्टसाठी भारतातून अंपायर मागवले, आणि त्या मॅचमध्ये पाकिस्तान १३१ आणि ७७ ला गारद होऊन डावाने हरलं, तरी अंपायरच्या नावाने कोणी खडे फोडले नाहीत. पुढच्या कराची टेस्टलाही हेच दोघं होते.

मग १९८९ ला आपला पाकिस्तान दौरा, म्हणजे सचिनने पदार्पण केलं तो, त्यात इंग्लंडचे जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर उभे होते. १९९४ पासून प्रत्येक टेस्टला एक न्यूट्रल अंपायर, २००२ पासून दोन्ही. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर मॅच बघायला जाणाऱ्या किती पोरांना पिलू रिपोर्टर हे नाव माहीत असेल मला शंका आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे एखाद्या स्टँडला, निदान अंपायर्सच्या खोलीला त्यांचं नाव दिलं तर फार बरं होईल.

प्रश्न : बॉडीलाइनवाला जार्डिन मुंबईत जन्मला होता असं ऐकलं. खरं का?
(वाचक, वाशी)

खरं आहे. इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिन, त्याचा जन्म १९०० सालचा, मलबार हिलचा. १९३० ला ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये पाच टेस्टमध्ये ९७४ केले, त्यावर उपाय म्हणून १९३२-३३ ला ऑस्ट्रेलियात जार्डिनने आपल्या फास्ट बॉलर्सना, लारवुड आणि व्होसला, अंगावर, लेग साइडला फिल्डर्सची गर्दी लावून बॉलिंग करायला लावली, हीच ती बॉडीलाइन. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन वुडफुल याच्या छातीवर बॉल बसला, ओल्डफील्डची कवटी फुटली (तो बॉल मात्र नेहमीच्या फिल्डिंगलाच होता, हे लारवुडच्या बाजूने सांगायलाच हवं). ब्रॅडमनची सरासरी ५६ वर आली, इंग्लंड ४-१ जिंकलं, दोन देशांच्या बोर्डात तारांवर तारा गेल्या. आपले थोरले पतौडी त्या इंग्लंड टीममध्ये होते, सिडनीला पदार्पणात सेंच्युरी मारली, आणि लेग साइडच्या त्या घोळक्यात उभं राहायला नकार दिला. दुसऱ्या टेस्टनंतर त्यांना बाहेर बसवलं. आणि सगळी जबाबदारी पडली कोणावर तर लारवुडवर, खाणीत काम केलेला माणूस, कॅप्टनने सांगितलं तसं टाकलं, ३३ विकेट घेतल्या आणि पुन्हा कधी टेस्ट खेळला नाही. जार्डिन मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडचा कॅप्टन म्हणून मुंबईत आला, बॉम्बे जिमखान्यावर, आपली भारतातली पहिली टेस्ट, लाला अमरनाथचे ११८ त्याच मॅचमधले.

प्रश्न : मियाँदादच्या माकडउड्या आणि प्रसादने सोहेलला काढलेला बोल्ड, यातलं तुमचं आवडतं कुठलं? आणि आता तर हातच मिळवत नाहीत, ते बरोबर वाटतं का?
(वाचक, ऐरोली)

आवडतं विचाराल तर प्रसाद, डोळे झाकून. ९ मार्च १९९६, बंगळुरू, वर्ल्ड कप क्वार्टर फायनल, आपले २८७, आणि अन्वर-सोहेलने अशी सुरुवात केली की घराघरात लोकांनी टीव्हीसमोरून उठायला सुरुवात केलेली. सोहेलने कव्हरमधून फोर मारला आणि बॅट रोखून प्रसादला दाखवलं की पुढचा पण तिकडेच. पुढचा बॉल, ऑफ स्टंप उडाला. वसीम अक्रम त्या दिवशी खेळत नव्हता, सोहेल कॅप्टन होता, ५५ वर सेट होता, दुसऱ्या बाजूने विकेट टिकवली असती तर मॅच त्यांचीच होती. त्या एका इशाऱ्याने मॅच फिरली आणि ३९ रन्सने आपण जिंकलो. मियाँदादचं सिडनीचं, ४ मार्च १९९२ चं, मला कधी तसं भांडण वाटलंच नाही. किरण मोरे मागून सतत अपील करत होता, मियाँदाद अंपायर शेफर्डकडे तक्रार करून आला आणि मग उड्या मारल्या. खरी गंमत स्कोअरकार्डात आहे, मियाँदादचे ४० रन्स ११० बॉलमध्ये. मोरेने त्याला जखडून ठेवलं होतं.

हात न मिळवण्याबद्दल. सप्टेंबर २०२५ चा दुबईतला एशिया कप, पहलगामच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी, सूर्यकुमारच्या टीमने पाकिस्तानशी हात मिळवला नाही आणि फायनल जिंकून पाकिस्तान बोर्डाचे प्रमुख मोहसिन नक्वी यांच्या हातून ट्रॉफी घेतली नाही. याला मैदानातल्या खुन्नसच्या यादीत टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सोहेल आणि प्रसाद यांच्यात जे होतं ते बॉल आणि बॅटचं होतं. इथे घरातली माणसं गेलेल्या लोकांचं दुःख आहे, ते दुःख मोठं आहे आणि ते खेळाडूंनी एका सामन्यात पेलायची अपेक्षाच मला जड वाटते. ज्याला खेळ म्हणून या दोन देशांची मॅच कशी असते हे बघायचंय त्याने जानेवारी १९९९ ची चेन्नई टेस्ट शोधावी, सचिनचे १३६, आपण १२ रन्सने हरलो, आणि चेपॉकच्या लोकांनी उभं राहून पाकिस्तानच्या टीमला टाळ्या वाजवल्या.

प्रश्न : मी क्लबकडून बॉलिंग करते. नॉन-स्ट्रायकर आधीच पळत असेल तर मी बेल्स उडवू का? आमच्यातल्या काही जणी म्हणतात ते रडीचं आहे.
(खेळाडू, नेरुळ)

उडव, बिनधास्त. पळणारी चोरून दोन पावलं घेते आणि रडीचा डाव म्हणे तुझा, हे काय लॉजिक आहे. विनू मांकडने डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी टेस्टला बिल ब्राउनला असंच काढलं, त्याआधी एका दौऱ्याच्या मॅचमध्ये त्याला ताकीद देऊनही तो पुढे जातच होता. ऑस्ट्रेलियन पेपरवाल्यांनी आरडाओरडा केला, पण ब्रॅडमनने, जो समोरच्या टीमचा कॅप्टन होता, त्याने आपल्या आत्मचरित्रात मांकडची बाजू घेतली. ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या इंग्लंडमधल्या क्लबने, हा प्रकार अनफेअर प्लेच्या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात टाकलाय, ३८ नंबरचं कलम. फक्त एक लक्षात ठेव, बॉल सोडायची जी तुझी नेहमीची जागा आहे तिथपर्यंत हात पोचायच्या आधी काढलं पाहिजे, हात फिरवून झाल्यावर मागे वळून चालणार नाही.

आणि तू नेरुळची आहेस म्हणून दीप्ती शर्माचं सांगतो. लॉर्ड्सवर सप्टेंबर २०२२ मध्ये तिने चार्ली डीनला असं काढलं, झुलन गोस्वामीची शेवटची मॅच, १६ रन्सने जिंकलो, सिरीज ३-०, आणि तिकडच्या लोकांनी दीप्तीला इतकं बोलून घेतलं की काही विचारू नका. ती बधली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला तुझ्या घराजवळच्या डी. वाय. पाटीलवर त्याच दीप्तीने वर्ल्ड कप फायनलमध्ये ५८ केले आणि ३९ रन्समध्ये ५ विकेट काढल्या, शेवटची विकेट तिचीच, कॅच हरमनप्रीतचा.

प्रश्न : मंकीगेटमध्ये भज्जी खरंच काय बोलला होता? आपल्या लोकांना उगाच बदनाम केलं का?
(वाचक, खारघर)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, आणि बहुतेकांनी उत्तर स्वतःच लिहून पाठवलंय की ऑस्ट्रेलियावाले खोटारडे. त्यामुळे जरा सविस्तर.

सिडनी, जानेवारी २००८. अंपायरिंग अतिशय वाईट झालं यात वाद नाही. ऑस्ट्रेलियाचा ॲन्ड्र्यू सायमंड्स ३० वर असताना ईशांतच्या बॉलवर सरळ कट लागली होती, अंपायर बकनरने नॉट आउट दिलं, त्याने १६२ नाबाद केले आणि कट लागल्याचं नंतर स्वतः सांगितलं. शेवटच्या दिवशी द्रविडला कॅच दिलं, बॅट लागलीच नव्हती. गांगुलीचा कॅच क्लार्कने नीट घेतला का या शंकेवर अंपायर बेन्सनने विचारलं पाँटिंगला, पाँटिंगने बोट वर केलं, की आउट. मग क्लार्कने एका ओव्हरच्या पाच बॉलमध्ये तिघं काढले आणि काही मिनिटं उरलेली असताना आपण १२२ रन्सने हरलो. आपला कॅप्टन कुंबळे नंतर म्हणाला की मैदानात एकच टीम खेळाच्या वृत्तीने खेळत होती. बॉडीलाइनच्या वेळी वुडफुल इंग्लंडच्या मॅनेजरला जवळपास हेच म्हणाला होता, ऑस्ट्रेलियनांना त्यांचंच वाक्य परत ऐकवलं गेलं.

भज्जीचं, म्हणजे हरभजन सिंगचं म्हणाल तर, त्याची आणि सचिनची १२९ ची पार्टनरशिप चालू असताना सायमंड्सशी बाचाबाची झाली. सायमंड्सचं म्हणणं माकड म्हणाला. मॅच रेफरी माइक प्रॉक्टरने तीन टेस्टची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशभेदाचा आरोप सिद्ध होत नाही म्हटलं, शिवीगाळीबद्दल मॅच फीच्या ५० टक्के दंड केला. सचिनने साक्ष दिली होती. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. जे आपण सांगत नाही ते असं की भज्जीचे आधीचे काही गुन्हे आयसीसीच्या चुकीमुळे हॅन्सन यांच्यासमोर आलेच नव्हते, आणि आले असते तर शिक्षा जास्त दिली असती असं त्यांनी नंतर म्हटलं.

आणि दुसरं, जे लिहिताना मला स्वतःला त्रास होतोय. सिडनीच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, वडोदऱ्याला आणि मग आपल्या वानखेडेवर सायमंड्स फिल्डिंगला असताना प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले, हातवारे केले. वानखेडेवरचे फोटो छापून आले, पोलिसांनी काही जणांना पकडलंही. ते लोक कोण होते? कुठून आले होते? सीएसएमटीला उतरून चालत गेलेले, आपल्याच ठाण्या-कल्याणच्या, पनवेलच्या ट्रेनमधले नसतील कशावरून? सायमंड्स सिडनीला चिडला तो काही हवेतून चिडला नव्हता. वाचकांनी 'आपल्या लोकांना बदनाम केलं' असं लिहिलंय, पण वानखेडेवर त्या दिवशी कोणी कोणाला बदनाम केलं ते आधी बोलू या. १० जानेवारी २०२१ ला, त्याच सिडनीत, सिराजला प्रेक्षकांमधून घाणेरडं बोलले तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो ना? कॅप्टन अजिंक्य रहाणेने अंपायरकडे जाऊन खेळ थांबवला, पोलिसांनी सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं, आणि अंपायरने मैदान सोडायचा पर्याय दिला तेव्हा रहाणे म्हणाला आम्ही खेळणार. जे सिराजला लागलं तेच सायमंड्सला लागलं होतं.

सिडनीनंतर बकनरला पुढच्या टेस्टमधून बदललं, पर्थला आपण ७२ रन्सने जिंकून ऑस्ट्रेलियाची सलग १६ टेस्ट जिंकायची मालिका तोडली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या श्रीलंका दौऱ्यात रिव्ह्यूचा, म्हणजे आजच्या डीआरएसचा, पहिला प्रयोग झाला. ज्या आपल्यावर सिडनीत एवढा अन्याय झाला त्या आपल्याच बोर्डाने पुढे २०१६ पर्यंत रिव्ह्यूला नाकं मुरडली, हे मला आजही समजलेलं नाही. भज्जी आणि सायमंड्स मात्र २०११ ला मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले, बोलले, मिटवलं. २०२२ ला सायमंड्स गाडीच्या अपघातात गेला.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ॲकॅडमीत जातो. हल्ली मॅचमध्ये समोरच्या मुलांना शिव्या देतो. सर म्हणतात मुंबईचं क्रिकेट खडूसच असतं, ॲग्रेशन पाहिजे. मी काय करू?
(एक आई, घणसोली)

ताई, सरांना आधी अजिंक्य रहाणेची गोष्ट विचारा, आपल्या डोंबिवलीत वाढलेला, मुंबईच्या मुशीतला माणूस आहे, त्याच्याइतकं मुंबईचं क्रिकेट कोणाला कळतं. सप्टेंबर २०२२, कोइम्बतूर, दुलीप ट्रॉफी फायनल, रहाणे वेस्ट झोनचा कॅप्टन. यशस्वी जैस्वालने त्याच मॅचमध्ये २६५ मारलेले, मॅच त्यानेच जिंकून दिल्यात जमा होती. शेवटच्या दिवशी तो साउथ झोनच्या रवी तेजाला जवळ उभा राहून सतत बोलत होता, अंपायरने टोकलं, रहाणेने समजावलं, तरी थांबेना. तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. काही ओव्हर्स टीम एक फिल्डर कमी घेऊन खेळली. नंतर यशस्वी परत आला, वेस्ट झोन २९४ रन्सने जिंकला, आणि यशस्वी पुढे टेस्टमध्ये काय खेळला ते तुमच्या मुलालाच विचारा, त्याला सगळं पाठ असेल.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खडूस म्हणजे विकेट फेकायची नाही, ऊन असो तहान असो दिवसभर उभं राहायचं, समोरच्याला एक रन फुकट द्यायचा नाही. त्यात आई-बहिणीवरून बोलणं कुठे आलं? आणि हे तिथेच थांबतं असंही नाही. जानेवारी १९९१ मध्ये जमशेदपूरला याच दुलीप ट्रॉफीच्या फायनलला बोलाचाली वाढत वाढत राशिद पटेल स्टंप उपटून रमण लांबाच्या मागे धावला, प्रेक्षकांतून दगड आले, मॅच बंद करावी लागली, पटेलला १३ महिने आणि लांबाला १० महिने बंदी झाली. दोघंही भारताकडून खेळलेले.

मुलाशी बोलताना नियम सांगा, चांगलं-वाईट सांगितलं तर या वयात ऐकत नाहीत. ऑक्टोबर २०१७ पासून क्रिकेटच्या नियमांत ४२ नंबरचं कलम खेळाडूंच्या वागण्याबद्दल आहे, त्याप्रमाणे अंपायर समोरच्या टीमला ५ पेनल्टी रन्स देऊ शकतो, गंभीर असेल तर काही ओव्हर्ससाठी किंवा उरलेल्या मॅचभर खेळाडूला बाहेर काढू शकतो. तुझ्या तोंडामुळे टीमचे ५ रन्स गेले तर सर कोणाला ओरडतील, एवढं विचारा त्याला. आणि सरांना एकदा समोरासमोर भेटा, मुलगा जवळ नसताना, आणि विचारा की पुढच्या मॅचला याने शिवी दिली तर तुम्ही याला बाहेर बसवाल का. हो म्हणाले तर ॲकॅडमी चांगली आहे. टाळाटाळ केली तर ठाणे-नवी मुंबईत दुसऱ्या ॲकॅडम्या भरपूर आहेत.

प्रश्न : सगळी भांडणंच का छापता? कोणी मोठ्या मनाने वागल्याचं एखादं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे का?
(ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी)

आहे, आणि वानखेडेचंच आहे. फेब्रुवारी १९८०, इंग्लंडविरुद्धची ज्युबिली टेस्ट, कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंड ५ बाद ५८ झालेलं, मग बोथम आणि विकेटकीपर बॉब टेलर जमायला लागले. टेलरला कपिलच्या बॉलवर मागे कॅच म्हणून अंपायर हनुमंत राव यांनी आउट दिलं. टेलर जागेवरच थबकला, बॅट लागली नाही म्हणाला. विश्वनाथ स्लिपमध्ये होता, त्याला खात्री होती की लागलेली नाही, तो अंपायरकडे गेला, अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथमने १७१ ची पार्टनरशिप केली, बोथमने सेंच्युरी मारून वर १३ विकेट काढल्या आणि आपण दहा विकेटने हरलो. विशीला त्यावरून बरंच ऐकावं लागलं. त्याने तो निर्णय चुकला असं कधीही म्हटलेलं नाही.